साध्या गाडीला चांगले टायर: सोलापुरातले सात आठवडे आणि सगळा हिशेब

१४ सप्टेंबर २०२५, रविवारची संध्याकाळ. पुण्याकडून येताना मोहोळ मागे पडलं आणि सावळेश्वर टोलच्या आधी पावसाची मोठी सर आली. डाव्या लेनमध्ये पाणी साचलेलं, काटा पंच्याऐंशीच्या आसपास. दोन-तीन सेकंद स्टिअरिंग एकदम हलकं झालं, जणू पुढची चाकं गाडीला जोडलेलीच नाहीत. अशा वेळी ब्रेक दाबायचा नाही आणि स्टिअरिंग फिरवायचं नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा आणि चाकं सरळ धरायची. वेग उतरला की टायर पुन्हा रस्ता पकडतो. तसंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी न हलवता, हवा तपासली. दारावरच्या स्टिकरवर ३३ पीएसआय लिहिलंय. पुढे २७ आणि २८ निघाली, मागे दोन्हीकडे २५. टायर पाण्यावर कधी तरंगतो याचं एक जुनं सूत्र आहे. १९६०च्या दशकात नासाने विमानांच्या चाकांवर काम करून ते काढलं: हवेच्या दाबाचं वर्गमूळ गुणिले ९, उत्तर नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत. ३३ पीएसआयला ते साधारण ताशी ९६ किमी येतं, २७ला ८७ आणि २५ला ८३. सूत्र गुळगुळीत टायर आणि खोल पाणी धरून आहे, कारला ते तंतोतंत लागू होत नाही. पण माझे टायर गुळगुळीत व्हायच्या वाटेवरच होते, म्हणून आकडा अंगावर आला.

नक्षीची खोली मोजायला १८० रुपयांचं साधं गेज पुरतं. प्रत्येक टायर तीन जागी मोजावा: आतली कड, मध्य, बाहेरची कड. डावा पुढचा टायर आतून १.७ मिमी, मध्ये २.८, बाहेरून २.५. उजवा पुढचा आतून १.९. मागचे दोन्ही साडेतीनच्या आसपास. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिमी उरली असं समजायचं, आणि कारच्या टायरची ती शेवटची हद्द आहे. पण पाणी बाहेर फेकायची ताकद ३ मिमीखालीच झपाट्याने घटते. म्हणजे कागदावर टायर चालण्याजोगा असतो आणि पावसात नसतो.

वयही बघितलं. टायरच्या एका बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, माझ्याकडे २२१९. २०१९ सालचा बाविसावा आठवडा. दुसऱ्या बाजूला हा आकडा बहुतेक नसतोच, तेव्हा दिसला नाही तर गाडीखाली वाकून आतल्या बाजूला शोधा. ४४,००० किमी, सहा वर्षं आणि सोलापूरचे सहा उन्हाळे उघड्यावर. बाजूच्या रबरात केसासारख्या चिरा पडल्या होत्या. चारही बदलायचे ठरलं. कुणाला दोनच घ्यायचे असतील तर नवे मागे बसवावेत. दुकानात बहुतेक वेळा पुढे बसवतात, कारण पुढचे आधी झिजतात. पण ओल्या वळणावर मागची बाजू सुटली तर गाडी गरकन फिरते. पुढची बाजू सुटली तर निदान ती सरळ जाते आणि वेग कमी करून सावरता येते.

आता निवड. ‘परफॉर्मन्स टायर’ म्हटलं की डोळ्यांपुढे रुंद टायर आणि मोठी रिम येते. मिशेलिनचं पायलट स्पोर्ट, ब्रिजस्टोनचं पोटेंझा ही नावं मोठ्या रिमच्या मापांत सहज दिसतात, १५ इंची हॅचबॅकच्या मापात पर्याय मोजकेच. तरीही रोजच्या गाडीत टायरकडून हवं काय, हे आधी ठरवलं: ओल्या रस्त्यावर कमी अंतरात थांबणं, मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत महामार्गावर तापून खराब न होणं, आणि गल्लीतले गतिरोधक व खड्डे सोसणारी बाजू. पहिल्या दोन गोष्टी रबरावर आणि नक्षीवर ठरतात, तिसरी बाजूच्या उंचीवर. रुंदी यात फार खाली येते.

माझं मूळ माप १८५/६५ आर१५ ८८एच. १८५ मिमी रुंदी, बाजूची उंची तिच्या ६५ टक्के, १५ इंची रिम. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार, एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंतचा वेग. एवढ्या वेगाने कोण जाणार, असं म्हणून त्याखालच्या टी या अक्षरावर उतरू नका. वेगाचं अक्षर म्हणजे उष्णता सोसायची परीक्षाही असते, आणि आपल्याकडे तीच कामाला येते.

पहिले दहा दिवस डोक्यात १९५/६० आर१५ होतं. हिशेब सोपा आहे. १८५चे ६५ टक्के १२०.२५ मिमी. त्याची दुप्पट अधिक रिमचे ३८१ मिमी, म्हणजे एकूण व्यास ६२१.५. १९५/६०चा येतो ६१५. फरक एका टक्क्याचा, म्हणून स्पीडोमीटरला फारसं काही होत नाही. गाडी तीन मिमी खाली बसते. भाराचा आकडाही ८८च मिळतो. रिमच्या आत ५.५जे (रिमची रुंदी, इंचांत) कोरलेलं असेल तर १९५ची रुंदी तिच्यावर बसते. मात्र ५.५ ही तिच्यासाठी सगळ्यात अरुंद चालणारी रिम, म्हणजे बाजू थोडी फुगलेली राहणार. १६ इंची रिमवर १९५/५५ घेतला तर व्यास ६२०.९, जवळजवळ मूळचाच. पण बाजूची उंची १२० वरून १०७ मिमी होते. जुळे सोलापूर ते सात रस्ता रोज जाणाऱ्याने हे १३ मिमी कमी करू नयेत. खड्ड्याच्या कडेवर रिम आणि रस्ता यांच्यात रबर चिमटलं की आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. त्याला पंक्चरसारखी दुरुस्ती नाही, टायर फेकावाच लागतो. एका दुकानात मात्र सल्ला तयार होता: ‘‘सोळा इंची टाका की साहेब, गाडी भारी दिसती.’’

१७ सप्टेंबरला विमा कंपनीला ई-मेल केला: १९५/६० बसवला तर अपघाताच्या दाव्यात अडचण येईल का? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन आहे, म्हणून लेखी उत्तर हवं होतं. आधी आलं ते यंत्राचं, तक्रार क्रमांकासह. २० तारखेला फोन आला आणि त्यांनी पॉलिसी क्रमांक पुन्हा विचारला, जो ई-मेलमध्ये होताच. २५ला दोन ओळींचं उत्तर आलं: वाहन उत्पादकाने मान्य केलेलं मापच वापरावं. माझ्या मॉडेलच्या कुठल्याही प्रकारात कंपनी १९५/६० देत नाही. मॅन्युअलमधल्या तक्त्यात आहेत ती दोनच मापं, १६५/८० आर१४ आणि १८५/६५ आर१५. विषय तिथे मिटला. खरं सांगायचं तर तोवर दुसरं कारणही सापडलं होतं. सोलापुरात १९५/६०चे चार टायर एकाच दुकानात मिळत नव्हते. प्रवासात पंढरपूर किंवा नळदुर्गला रात्री एक फुटला, तर जोडीचा शोधण्यात दोन दिवस गेले असते.

मग मूळ मापातच वरची प्रत घ्यायची ठरवली. इथे टायरच्या बाजूवरची तीन अक्षरं-आकडे वाचता आले की दुकानदाराच्या ‘एक नंबर माल’पलीकडे काही कळतं. ट्रेडवेअर हा झिजण्याचा तुलनात्मक आकडा. जास्त आकडा म्हणजे जास्त टिकणारं, बहुधा कडक रबर. पण तो देणारी कंपनी स्वतःच असते, म्हणून एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत तुलना करावी, दोन कंपन्यांत नाही. ट्रॅक्शन एए, ए, बी, सी अशी उतरती श्रेणी ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून ठरते, वळणावरची पकड त्यात येत नाही. टेंपरेचरमध्ये ए सर्वांत चांगली. ही पद्धत अमेरिकेची असली तरी आपल्याकडच्या बऱ्याच टायरांवर ती छापलेली असते. आपल्याकडे एआयएस-१४२ हे मानक आहे. त्यात ओल्यातली पकड, टायर फिरताना होणारा रोध आणि आवाज यांच्या किमान अटी आहेत. ते पास होणं म्हणजे तळाची पायरी, त्यावरून दोन चांगल्या टायरांत निवड होत नाही.

माझी अट ठरली: ट्रॅक्शन ए किंवा वर, टेंपरेचर ए, आणि ढोबळ अंदाज म्हणून ट्रेडवेअर ३०० ते ४००. पाचशेच्या पुढचा टायर जास्त चालतो, पण ओल्या सिमेंट रस्त्यावर त्याचं रबर हात आखडता घेतं. दोनशेच्या खालचा लवकर संपतो. शिवाय मध्ये तीन-चार रुंद सरळ खाचा हव्यात, पाणी जायला.

विम्याचं उत्तर येण्याआधीच सात रस्ता, विजापूर रोड, होटगी रोड आणि पूना नाक्याकडची मिळून पाच दुकानं फिरलो. सगळीकडे एकच वाक्य: ‘‘ओ साहेब, बावीस तारखेपर्यंत थांबा की. आत्ता घेतलात तर उद्या तुम्हीच येऊन भांडताय.’’ २२ सप्टेंबरपासून नव्या टायरांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर येणार होता. दहा टक्के स्वस्त, असं सगळे म्हणत होते. तसं होत नाही. माझ्या पसंतीच्या टायरचा आधीचा भाव ७,०४० रुपये होता. त्याला १.२८ने भागलं की मूळ किंमत ५,५००. तिच्यावर १८ टक्के म्हणजे ६,४९०. टायरमागे ५५० रुपये वाचले, जवळपास आठ टक्के. जुन्या भावातून थेट दहा टक्के वजा करून घासाघीस करायला गेलात, तर दुकानदार चकित होणं साहजिक आहे. बिलावर एचएसएन (करासाठीचा मालाचा संकेतांक) ४०११ आणि १८ टक्के दर दिसतोय ना, एवढं बघा.

२२ नंतर दोन गोष्टी एकदम झाल्या. थांबलेले सगळे गिऱ्हाईक दुकानात आले आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सीनेच्या पुराने पुणे महामार्गावरची वाहतूक खोळंबली. माल येईना. २९ तारखेला एका ठिकाणी चार टायर तयार आहेत म्हणून बोलावलं. तीन १४२५चे आणि एक ३१२३चा. चौथा दोन वर्षं गोदामात पडून होता. सावलीत नीट ठेवलेला टायर एवढ्यात वाया जात नाही. पण चारांत एकच जुना घ्यायचा, तोही त्याच भावात, हे पटलं नाही. मला चारही सहा महिन्यांच्या आतले आणि एकमेकांपासून फार तर आठ-दहा आठवड्यांच्या फरकाचे हवे होते. ही अट ऑर्डर देताना पावतीवर लिहून घ्या, तोंडी राहिली की विसरली जाते. ४ ऑक्टोबरला दुसऱ्या दुकानात २,००० रुपये आगाऊ दिले, पावतीवर माप, मॉडेल आणि ‘२०२५ आठवडा २० नंतरचा माल’ असं लिहून घेतलं.

टायर यायला पाच-सहा दिवस होते, तेवढ्यात सस्पेन्शन. आतल्या कडेची झीज हवेमुळे होत नाही. हवा कमी असेल तर दोन्ही कडा झिजतात, जास्त असेल तर मध्य. फक्त आतली कड खाल्ली जात असेल तर चाकाचा कोन बिघडलाय. तशा गाडीवर नवे टायर चढवले तर तेही तसेच खाल्ले जाणार. आणि सांध्यांत खेळ असेल तर अलाइनमेंट करूनही उपयोग नाही, कारण मशीनवर जुळलेला कोन रस्त्यावर टिकत नाही. घरी करायची चाचणी: पुढचं चाक जॅकवर उचला, गाडीखाली टेकू द्या, चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. खटखट जाणवली तर बहुधा टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा. बारा आणि सहाला धरून हलवल्यावर जाणवली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. माझ्याकडे डावा टाय रॉड एंड ढिला निघाला आणि दोन्ही लोअर आर्मचे मागचे बुश फाटलेले. १० ऑक्टोबरला हे काम मजुरीसकट ३,८५० रुपयांत झालं.

११ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी दहाला पोहोचलो, कारण दुपारनंतर दुकानात घाई असते आणि घाईत बॅलन्सिंग (चाकाचं वजन गोलभर सारखं करणं) बिघडतं. आधी चारही टायरांचे आकडे वाचले: २९२५, २९२५, ३१२५, ३१२५. फोटो काढले.

जुना टायर उतरल्यावर रिमची कड तारेच्या ब्रशने साफ करून घ्या. तिथे जुनं रबर आणि गंज राहिला की हवा आठवड्याला दोन-तीन पीएसआय झिरपते आणि माणूस महिनाभर पंक्चर शोधत बसतो. रबरी वॉल्व्ह प्रत्येक वेळी नवा, ६० रुपयांचा. सहा वर्षांचा जुना वॉल्व्ह बोटाने वाकवला तेव्हा मुळाशी चिरा उघडलेल्या दिसल्या. टायरच्या कडेला साबणाचं पाणी किंवा पेस्ट लावतात. ते न लावता ओढून चढवला तर कड फाटते. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती टायरची सर्वांत हलकी जागा, तो वॉल्व्हसमोर आणायचा, म्हणजे वजनं कमी लागतात. दुकानातला मुलगा तो न बघताच चढवत होता. सांगितल्यावर त्याने टायर हातभर फिरवला, एवढंच काम. टायरच्या बाजूवर ‘आउटसाइड’ लिहिलं असेल तर तो शब्द चारही चाकांवर बाहेरून दिसलं पाहिजे. बाण असेल तर तो पुढे जाण्याच्या दिशेने.

हवा भरताना ‘ठप्प’ असा आवाज दोनदा येतो, एकेका बाजूची कड रिममध्ये बसल्याचा. ४० पीएसआयपर्यंत आवाज आला नाही तर आणखी हवा मारू देऊ नका. हवा सोडून पुन्हा पेस्ट लावून बसवायचा. रिमला लागून टायरवर एक बारीक रेघ गोल फिरलेली असते. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली की टायर नीट बसला.

बॅलन्सिंगला पहिल्या तीन चाकांना १५ ते ३५ ग्रॅम लागले. चौथ्याला ७० दाखवले. एवढी वजनं चिकटवत बसण्यापेक्षा टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजायला लावलं, ३० वर आलं. नंतर नट. हवेच्या गनने आवळून पूर्ण करू देऊ नका. गनने नुसते टेकवायचे, मग गाडी खाली उतरवून टॉर्क पान्याने, समोरासमोरच्या क्रमाने. आकडा मॅन्युअलमध्ये असतो, माझ्या गाडीला ८५ न्यूटन मीटर.

शेवटी अलाइनमेंट. त्याआधी चारही टायरमध्ये हवा सारखी हवी, स्टिअरिंग सरळ अडकवलेलं हवं. आपल्या साध्या हॅचबॅकमध्ये पुढच्या चाकांचा टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर किती वळलीत) एवढाच बहुधा जुळवता येतो. कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि मागची चाकं मशीन फक्त दाखवतं. तिथे लाल आकडा असेल तर काही तरी वाकलंय, आणि ‘सगळं हिरवं करून देतो’ असं कुणी म्हणालं तर कसं करणार ते विचारा. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही प्रिंट मागून घ्या. माझ्या आधीच्या प्रिंटमध्ये टो बाहेरच्या बाजूला उघडा होता, आतली कड का खाल्ली गेली त्याचं उत्तर तिथेच.

बिल: टायर २५,९६०, वॉल्व्ह २४०, चढवणं ४००, बॅलन्सिंग ६००, अलाइनमेंट ६००. जुन्या चारांचे ८०० वजा, एकूण २७,०००. बिलावर चारही टायरांचे क्रमांक हाताने लिहून घेतले. हमीचा दावा करताना आधी तेच विचारतात, आणि बिलावर नसले तर टायर याच दुकानातला हे सिद्ध करणं आपल्यावर येतं. नायट्रोजन घेतला नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तीच हवा महिन्यातून दोनदा तपासली तर जास्त कामाचं.

दुसऱ्या दिवशी ६० किमी झाल्यावर नट पुन्हा तपासले, एक किंचित फिरला. पण ९० ते १०० किमी वेगात स्टिअरिंग थरथरत होतं, त्याखाली आणि त्यावर नाही. ठराविक वेगालाच येणारी थरथर म्हणजे बहुधा बॅलन्सिंग. स्टिअरिंगमध्ये जाणवली तर पुढची चाकं, सीटमध्ये जाणवली तर मागची. सोमवारी परत गेलो. मशीनमध्ये रिमची रुंदी ६.० भरलेली होती, माझी ५.५. आकडा चुकीचा भरला तरी पडद्यावर शून्य-शून्यच दिसतं, म्हणून चूक कळत नाही. पुन्हा बॅलन्सिंग झालं, पैसे मागितले नाहीत, थरथर गेली.

नव्या टायरच्या पृष्ठावर साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश राहतो, त्यामुळे पहिले २००-३०० किमी पकड पूर्ण नसते. तेवढे बहुतेक शहरातच काढले. दिवाळीनंतर एका सकाळी तुळजापूरचा घाट चढून आलो. वळणात स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी लगेच वळते, आधी अर्धा क्षण विचार करायची. आवाज जुन्यापेक्षा कमी. मायलेज लिटरमागे किमीभर कमी वाटतं. त्यात नव्या टायरच्या जड नक्षीचा वाटा आहे.

१ नोव्हेंबरला ९२० किमीवर पुन्हा सगळं मोजलं. नक्षी चारही टायरांत तिन्ही जागी सारखी, आतली कड शाबूत. थंड गाडीवर हवा ३२ ते ३३. पेट्रोल पंपावरचा काटा तीच हवा ३६ दाखवत होता. धावून तापल्यावरही चार-पाच पीएसआय वाढतात, ती हवा सोडायची नसते. तीन पीएसआयचा खोटा काटा आणि गरम टायर एकत्र आले की सकाळी हवा २५ वर का निघते, ते कळतं.

मग डिकीतली स्टेपनी उचलली. १६५/८० आर१४, २०१९ची. तिचा व्यास ६१९.६ मिमी, म्हणजे मूळ मापाशी जुळतो. १९५/६० घेतला असता तर एवढा जुळला नसता. स्टिकरप्रमाणे ताशी ८० किमीच्या आत, पंक्चरवाल्यापर्यंत पोहोचायला ती पुरेशी. गेज लावलं, १४ पीएसआय. थुंकी लावून बघितलं, वॉल्व्हच्या मुळाशी बुडबुडे. चार वॉल्व्ह बदलले आणि पाचवा कुणाच्याच लक्षात आला नव्हता. सस्पेन्शन आणि गेज धरून ३१,०३० झाले होते, त्यात आणखी ६० रुपये.